दोनशे बारा अंश

बोटींवरची यंत्रं बसवण्यात माझी चोवीस वर्षं गेली. बिघाडाला कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा बसवणाऱ्याचा आळस हेच असतं, असं माझं ठाम मत. म्हणून ताई दुकानात येऊन म्हणाली, "मला नवा ऑटोपायलट निवडून दे," तेव्हा मी आधी तिच्याशी भांडलो आणि मग यादी काढून बसलो.

भांडण जुनंच. दोन वर्षांपूर्वी भाऊजी एकटे समुद्रात गेले. चौथ्या दिवशी त्यांची बोट सापडली. शीड व्यवस्थित, ऑटोपायलट चालू, दिशा दोनशे बारा अंश, आणि माणूस नाही. आता ताईला त्याच बोटीतून एकटीनं जायचं होतं. मी नको म्हणालो, पण ती कुणाचं ऐकणाऱ्यातली नव्हे. निदान यंत्र तरी असं हवं, की ते तिला सुखरूप परत आणील.

जुना काढून पहिला नवा ऑटोपायलट बसवला. बसवल्यावर बोट सावकाश गोल फिरवावी लागते, म्हणजे यंत्राला दिशा कळतात. फिरवली. नव्वद अंश ठरवून मी सुकाणूच्या दांड्यावरून हात काढला. बोट थोडा वेळ सरळ गेली आणि मग हळूहळू वळली. पडद्यावर आकडा नव्वदच. शेजारच्या काचेच्या होकायंत्रात मात्र दोनशे बारा.

"जवळ लोखंड असणार," मी म्हणालो.

होतंच. ज्या बाकाखाली मी यंत्र बसवलं होतं, तिथंच भाऊजींची हत्यारांची पेटी होती. पहिल्या दिवशीचा शिकाऊही ही चूक करत नाही. स्वतःला शिव्या घालत मी पेटी धक्क्यावर नेऊन ठेवली. तो बाक उजवीकडचा. तिथं बसलं की सुकाणूचा दांडा डाव्या हाताशी येतो; भाऊजी डावरे, त्यामुळे ते कायम तिथंच बसायचे. ताई अजूनही तिथं बसत नाही.

पेटी गेली तरी बोट दोनशे बारावरच वळली. दुसऱ्या कंपनीचा ऑटोपायलट लावला. तोही तसाच. मी तारा बदलल्या, बॅटरी बदलली, स्वतःचं घड्याळसुद्धा काढून खिशात ठेवलं. ताई समोर बसून शांतपणे दोर गुंडाळत होती.

"घाई नाही रे," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मी हट्टाला पेटलो. वीज नाही, होकायंत्र नाही, असं साधं उपकरण आणलं. एक लाकडी पातं आणि दोन दोऱ्या. वारा पात्याला फिरवतो, पातं दोऱ्या ओढतं, दोऱ्या सुकाणू वळवतात. याला फसवायला काही शिल्लकच नव्हतं.

दहाच्या सुमारास बंदराबाहेर आलो. लख्ख ऊन, बेताचा वारा. बोट छान चालली होती. होकायंत्राकडे पाहायचं मी मुद्दाम टाळलं. थोड्या वेळानं वारा फिरला.

पातं वळलं. दोऱ्या ताणल्या, करकरल्या.

सुकाणू हललं नाही.

मी होकायंत्र पाहिलं. दोनशे बारा.

दोऱ्या सोडल्या आणि दांडा दोन्ही हातांनी ओढला. पाय बाकाला रोवून ओढला. तो अडकलेला नव्हता. अडकलेलं सुकाणू मला कळतं. हा कुणीतरी धरला होता.

मी घाबरलो होतो, हे सांगायला मला लाज नाही.

ताईनं हातातला दोर खाली ठेवला. ती माझ्याकडे पाहत नव्हती. रिकाम्या उजव्या बाकाकडे पाहत होती.

"अहो, सोडा," ती हलकेच म्हणाली. "घाबरलाय तो."

दांडा माझ्या हातात सैल झाला.

मी बोट धक्क्याला परत आणली. बोट बांधून झाल्यावर ती म्हणाली, "मग? कुठला निवडलास?"

"एकही नाही. तू जायचं नाहीस, ताई."

"बरं," ती म्हणाली. इतक्या चटकन ती आयुष्यात कधी 'बरं' म्हणाली नव्हती. ते माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

सकाळी दुकान उघडायला गेलो, तर दारात तिन्ही यंत्रं ओळीनं ठेवलेली. तारा नीट गुंडाळलेल्या. मी धक्क्याकडे धावलो. बोटीची जागा रिकामी होती.

बंदराचा चौकीदार चहा पीत उभा होता. मला पाहून तो गोंधळला.

"तुम्ही परत कधी आलात? तासापूर्वी तर गेलात," तो म्हणाला. "ताई पुढं शीड चढवत होत्या, तुम्ही सुकाणूवर. मी हात केला, तर तुम्हीही केलात."

"कुठल्या बाकावर होतो मी?"

त्यानं क्षणभर आठवून पाहिलं.

"उजव्या," तो म्हणाला.