क्रमांक तीनला अडतीस गुण

बाबा गेले, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं एका जाहिरातीवरून भांडत होतो.

"'चारित्र्यवान असावा' असं घालू का?" बाबांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"जो स्वतःला चारित्र्यवान समजून अर्ज करेल, तो तुम्हाला चालेल?"

ते खुदकन हसले आणि ओळ खोडली. "मग 'नम्र'?"

"त्याचीही तीच गत."

नीतिशिक्षणावरच्या एका त्रैमासिकाचे बाबा बावीस वर्षं संपादक होते. आता डोळे थकले होते आणि त्यांना त्यांच्या जागी नवा माणूस हवा होता. अध्यापन महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून आमची खोली. दोन टेबलं, एक कपाट, आलेल्यांसाठी एक डुगडुगती खुर्ची. मी तिथली सहायक. लेख आला की नोंद करायची, लेखकाचं नाव झाकून तो दोन परीक्षकांकडे पाठवायचा, आणि परीक्षक ढिम्म बसले की त्यांना स्मरणपत्रं धाडायची.

शेवटी जाहिरातीत बाबांनी एवढंच लिहिलं: पदव्यांची यादी नको. सोबतचा लेख छापायचा नाही असं ठरलं आहे, असं समजून त्याच्या लेखकाला पत्र लिहा.

कारण तीच त्यांची रीत होती. परत जाणाऱ्या प्रत्येक लेखासोबत ते स्वतः पत्र लिहीत, आणि त्या लेखातून आपण काय शिकलो, ते आधी सांगत.

दारावर टकटक झाली ती तेव्हाच. छत्री असूनही त्या माणसाचा डावा खांदा पुरता भिजला होता. छत्री त्याने हातातल्या लिफाफ्यावर धरली होती.

"अभिप्राय आणलाय," तो म्हणाला. "टपालाने पाठवायची लाज वाटली. चार स्मरणपत्रं आल्यावर…"

"पाच," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हीच का त्या? 'आपल्या मौनाचा अर्थ आम्ही कसा लावावा?'"

"असं लिहितेस तू लोकांना?" बाबा चकितच झाले.

"पहिल्या पत्रात नव्हतं तसं," तो घाईने म्हणाला. "पहिल्यात 'कळावे, लोभ असावा' होतं. तिसऱ्यात लोभ गेला. पाचव्यात तर नुसतंच 'कळावे'."

मी रजिस्टरमध्ये तोंड खुपसलं. कान मात्र गरम झाले होते…

तो माध्यमिक शाळेत शिक्षक होता. सहा वर्षं आमचा परीक्षक, आणि प्रत्येक वेळी उशीर. बाबांनी त्याचा आठ पानी अभिप्राय उभ्या उभ्याच वाचला आणि जाहिरातीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "तुम्ही अर्ज करा."

त्याने कागद वाचला. मग बाबांकडे न बघता माझ्याकडे बघत विचारलं, "संपादकालाही स्मरणपत्रं येतात का?"

"त्याला तर रोज येतात," बाबा म्हणाले आणि कितीतरी वेळ हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता बाबा गेले. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. तो मी पुसला. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

पंधरवड्याने तो शिक्षक खोलीत आला. सांत्वनाचं काही बोलला नाही. टेबलावरचा मुद्रितांचा गठ्ठा बघून म्हणाला, "हे आता कोणाबरोबर वाचता?"

मुद्रितं आम्ही दोघं मिळून तपासायचो. बाबा मूळ लेख विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचे, मी छापलेल्या पानावर पेन्सिल फिरवायची. त्याने बाबांची खुर्ची सोडून डुगडुगती खुर्ची ओढली आणि वाचायला लागला.

तीन आठवडे तो शाळा सुटली की यायचा. त्याचा आवाज बाबांच्या आवाजासारखा मुळीच नव्हता, आणि त्याबद्दल मी मनातून त्याची आभारी होते. एके दिवशी एकसुरात वाचता वाचता तो म्हणाला, "मुलांना खरं बोलायला शिकवण्याआधी, स्वल्पविराम, मोठ्यांनी आपली भीती तपासावी, पूर्णविराम. तुम्ही आज दुपारी जेवला नाहीत, प्रश्नचिन्ह."

पेन्सिल थांबली. "हे लेखात नाही."

"नाही. समासात आहे."

"समासातलं मी तपासत नाही."

"कोणीतरी तपासायला हवं ना…" त्याने आपला डबा माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत बसला. मी जेवले. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच जेवणाची चव लागली.

अंक छापायला गेला त्या दिवशी तो म्हणाला, "मी अर्ज करतोय. तुम्हाला चालेल?"

"मला विचारू नका. बाबांच्या जागी निवड समितीवर मला घेतलंय."

"म्हणजे आता बोलायचं नाही?"

"निवड होईपर्यंत नाही."

"फारच कडक संस्था आहे," तो म्हणाला. पण त्याने ते पाळलं. पाऊस रोज यायचा… तो यायचा नाही.

समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. दुसरे मानसशास्त्राचे प्राध्यापक. तिसरी मी. पाच अर्ज आले होते. कारकुनाने नावं काढून कागदांवर क्रमांक घातले आणि नावांचं पाकीट बंद केलं. प्रत्येकाने शंभरपैकी गुण द्यायचे, एवढाच नियम.

क्रमांक तीनच्या पत्राची सुरुवात अशी होती: 'तुमचा लेख आम्ही छापू शकत नाही. पण चोरी कबूल केल्यावर ज्याला रडू आलं नाही, तो तुमच्या चौथ्या परिच्छेदातला मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचं पुढे काय झालं, हे लिहाल का?'

मी ते वाचलं नाही, ऐकलं. स्वल्पविरामासकट.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं की हे पत्र मी ओळखलं आहे. मी उठले नाही. मला वाटलं, मी पक्षपात होऊ दिला नाही की झालं. म्हणून शोधून शोधून दोष काढले. पत्र लांबलंय, सूर फार घरगुती आहे, आणि असंच काहीबाही. क्रमांक पाचने लेखकाचे नऊ दोष ओळीने मांडले होते आणि त्याला आणखी वाचन करण्याचा सल्ला दिला होता. त्याला मी एकाहत्तर दिले. क्रमांक तीनला अडतीस. तिघांची बेरीज झाली तेव्हा क्रमांक पाच अकरा गुणांनी पुढे होता. पहिल्या दोघांना कारकुनाकरवी दुसऱ्या दिवशी भेटीला बोलवायचं, मग पाकीट उघडायचं आणि क्रमांक पाचवर शिक्कामोर्तब करायचं, असं ठरलं. घरी येताना मला स्वतःविषयी फार चांगलं वाटत होतं.

रात्री जेवताना आईला सांगितलं.

"आणि द्यायला किती हवे होते?" आईने विचारलं.

"…नव्वद."

आईने हातातला डाव खाली ठेवला. "बापाची मुलगी शोभतेस."

मला ते कौतुक वाटलं. ते कौतुक नव्हतं.

"आठ वर्षांपूर्वी तुझा लेख परत केला त्यांनी," ती म्हणाली. "मला म्हणाले, यंदाचा सगळ्यात चांगला लेख आहे. म्हटलं, मग छापा की! तर म्हणे, मुलगी आहे, लोक काय म्हणतील."

सगळ्यात चांगला. हे मला माहीत नव्हतं. इतरांच्या लेखांसोबत पत्र जायचं. माझ्या लेखासोबत आलं नाही. घरातल्या घरात पत्र कशाला, असं वाटलं असेल त्यांना.

"मला कधी म्हणाले नाहीत ते, आई."

"तू तरी कुठे काय म्हणालीस? 'ठीक आहे बाबा.' तेही म्हणाले, 'ठीक आहे.' आणि दोघंही ताटावरून उठलात. घरात एवढं नीतिशिक्षण, आणि मी एकटीच जेवत बसले." तिने डोळे पुसले नाहीत, डाव उचलला. "पुन्हा एक ओळ लिहिली नाहीस तू. शेवटपर्यंत खुपत होतं त्यांना ते. आता त्या बिचाऱ्याचीही तीच गत कर."

दुसऱ्या दिवशी अकराला समिती बसली. बाहेरच्या बाकावर ते दोघं थांबले होते. मोठ्या बाईंनी पाकीट हातात घेतलं आणि मी उभी राहिले.

"उघडायच्या आधी मला बोलायचंय. क्रमांक तीन कोण आहे, ते मला वाचतानाच कळलं होतं. मी मुद्दाम कमी गुण दिले."

"ओळखीच्या माणसाला कमी?" प्राध्यापक म्हणाले. "सहसा उलटं करतात हो लोक!"

"दोन्ही खोटंच," मोठ्या बाई म्हणाल्या. "का दिलेत कमी?"

"तो मला आवडतो म्हणून."

प्राध्यापकांनी उगाच कागदावर बेरीज केली. "यांचे गुण बाद केले तर क्रमांक तीन बावीस गुणांनी पुढे जातो."

"नाही. पाचही पत्रं बाहेरच्या माणसाला वाचायला देऊ, यांच्या जागी. निकाल पंधरा दिवसांनी." मोठ्या बाईंनी पाकीट खणात टाकलं. "आणि तुम्ही आता समितीवर नाही. बाहेर जाऊन त्या दोघांना सांगायचं काम मात्र तुमचंच. का, तेही सांगायचं."

मी सांगितलं. क्रमांक पाच फाइल काखेत मारून, "नीतिशिक्षण म्हणे!" असं पुटपुटत जिना उतरून गेले. बाकावर तो उरला. कठड्यापलीकडे पाऊस संथ लागला होता.

"अडतीस?" तो म्हणाला. "शंभरपैकी?"

"हो."

"वर्गातल्या ढ मुलालाही मी चाळीस देतो."

"पाचांत सगळ्यात चांगलं पत्र होतं तुमचं."

तो हसला नाही. "दुसऱ्या कोणाचं असतं तर किती दिले असतेत?"

"नव्वद."

"मग मी दुसरा कोणी का नव्हतो?" त्याचा आवाज दुखावलेला होता. "ही नोकरी मला हवी होती. तुमच्या वडिलांनी सांगितलं म्हणून नाही, मला स्वतःला हवी होती. आणि तुम्ही… तुम्ही मला एका शब्दाने विचारलंही नाहीत."

निःपक्षपात, तारतम्य… आमच्या त्रैमासिकातले सगळे शब्द जिभेवर येऊन गेले. आठ वर्षांपूर्वी बाबांच्या जिभेवरही तेच आले असतील. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मग सरकून जवळ बसले.

"चुकलंच माझं," मी म्हणाले. "तुम्ही संपादक व्हा किंवा नका होऊ. हवं तर वर्षभर रागवा. पण एक ऐकून घ्या…"

वरच्या मजल्यावर तास संपला. पावलांचा गलका जिन्यावरून खाली कोसळत आला.

"काय?" त्याने कान पुढे केला. "ऐकू नाही आलं!"

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," मी म्हणाले. मोठ्याने. अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.