खणात राहिलेला कॅमेरा

जिन्याच्या वळणावर दंतवैद्याची अवचित गाठ पडली, तशी तिने हातातील कॅमेरा ओढणीआड लपवला. त्याची दोरी मात्र बाहेर लोंबत राहिली.

"माझाच ना?" त्याने विचारले. "कुठे निघाली स्वारी?"

"दुरुस्तीला..." ती पुटपुटली. "फ्लॅश पडत नाही. सुरू केला, की लगेच बंद होतो."

"मग रुग्णाला आत आणा की!"

ती खालच्या मजल्यावरील वाचनालयात ग्रंथपाल होती. जीर्ण ग्रंथांची छायाचित्रे घेण्यासाठी तिने हा कॅमेरा त्याच्याकडून मागून नेला होता. दर शनिवारी तो दारातून डोकावे. "झालं का काम?" आणि ती म्हणे, "थोडी पानं राहिलीत." वस्तुतः काम पहिल्याच आठवड्यात आटोपले होते, कॅमेरा तेव्हापासून तिच्या मेजाच्या खणात निजला होता.

दवाखान्यातील दिव्याखाली त्याने झाकण उघडले. आतील सेल पाझरून धातूच्या पट्ट्यांवर पांढरा, खरखरीत क्षार साचला होता.

"कीड जुनी दिसते," तो हसला. "काम अजून चालू आहे म्हणालात ना? तसं असतं, तर हे सेल केव्हाच बदलावे लागले असते. हे तर कित्येक महिने नुसते..."

वाक्य अर्ध्यावरच थांबले. त्याच्या ध्यानात आले होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे तिला झाले.

व्हिनेगरच्या बोळ्याने त्याने पट्ट्या हळुवार पुसल्या, कोरड्या केल्या, नवे सेल बसवले. फ्लॅशचा तांबडा दिवा लुकलुकला, स्थिरावला. त्याने भिंतीकडे रोखून कळ दाबली — खोली लख्ख उजळली. तिने मान आणखीच खाली घातली.

"तुमची वस्तू नासवली, आणि वर खोटंही बोलले," ती कशीबशी म्हणाली. "परत दिला असता, तर... शनिवारी तुम्ही कशाला आला असता?"

"म्हणजे इतके दिवस मी कॅमेऱ्यासाठी येत होतो, असं वाटलं तुम्हाला?"

तो बराच वेळ हात धूत राहिला.

"येत्या शनिवारी कामाचं विचारणार नाही," तो पाठमोराच म्हणाला.

"मग... काय विचाराल?"

"तुमच्या आईला भेटायला केव्हा येऊ, ते."

तिचे कान लालबुंद झाले. मान काही वर होईना. पण शब्द मात्र स्पष्ट उमटले —

"शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? उद्या वाचनालयाला सुट्टीच आहे."