वजन किती, मॅडम?

"वजन किती, मॅडम?"

भर टेकडीवर, दहा-बारा अनोळखी माणसांसमोर, हातात वही घेतलेल्या एका रापलेल्या, उंच तरुणाने हा प्रश्न विचारला, आणि अश्लेषाच्या तोंडून फटकन निघून गेलं, "अठ्ठ्याऐंशी."

बोलली आणि तीच चपापली. कारण त्याच सकाळी घरच्या काट्यावर ती एकसष्ट भरली होती.

वजन चोरणाऱ्या बायका तुम्ही-आम्ही रोज पाहतो. पाहतो कशाला, आपणच चोरतो! पण सत्तावीस किलो वाढवून सांगणारी? तीही तळेगावच्या शाळेत गणित शिकवणारी? त्याचं असं झालं होतं, की दीड वर्ष पहाटे चालून आणि आईच्या तुपाच्या वाटीला नको नको म्हणून अश्लेषा उतरली होती खरी, पण तो आकडा काही जिभेवरून उतरला नव्हता. कॉलेजच्या तपासणीत शिपायाने हॉलभर ऐकू जाईल असा ओरडून वाचला होता तो. जिभेला तोच पाठ. कपडेही तेव्हाचेच, दोन माणसं मावतील असे.

कपडे तसेच ठेवायला आणखी एक कारण होतं. पोटावर आणि कमरेच्या दोन्ही अंगांना ताणल्या कातडीच्या रेघा राहिल्या होत्या. काही रुपेरी, काही अजून जांभळट-लाल. मे महिन्यात एका लग्नघरी साडी बदलताना त्या इंदिराआत्याने पाहिल्या. खोली बायकांनी भरलेली. आत्याने तोंडावर हात नेला आणि म्हणाली, "अगबाई! लग्नाआधीच बाळंतिणीचं पोट गं हे! नवऱ्याला काय सांगशील?"

त्यानंतर अश्लेषाने स्थळं पाहणंच बंद केलं. खरंच, सांगणार तरी काय?

आज उडायला आली होती ती खरं तर तिची मैत्रीण मानसी. कामशेतच्या या टेकडीवरून पॅराग्लायडिंग करायचं म्हणून महिनाभर शाळेत मिरवली, आणि कडा बघताच मटकन बसली. "मला नाही बाई जमायचं. माझ्याऐवजी हिला उडवा!"

त्या तरुणाने अश्लेषाच्या ढगळ जॅकेटवर एक नजर टाकली. अठ्ठ्याऐंशीवर शंका घ्यावी असं त्यात काही नव्हतं.

"मोठी विंग काढा रे!" तो ओरडला. विंग म्हणजे तो कापडाचा पसरट पंख. मग तिच्या अंगावर पट्ट्यांचा साज चढवून त्याची बकलं लावता लावता, नजर मुद्दाम लांब डोंगराकडे ठेवून, म्हणाला, "मी नवसू. मी मागं बसनार, तुमी म्होरं. पळा म्हनलं की पळायचं. मधी बसायचं न्हाई."

"आणि नाही पळता आलं तर?"

"मंग मी घेतो कडंवर."

"अठ्ठ्याऐंशी किलो?"

"भाताची पोती उचलल्यात, मॅडम. ती बोलत न्हाईत, येवढाच फरक."

अश्लेषा ऐकतच राहिली. तिच्या वजनावर विनोद झाला होता... आणि तिला हसू येत होतं!

"पळा!"

दुसऱ्याच पावलाला जमीन गेली.

"मॅडम, पळा की!"

"पाय टेकत नाहीयेत हो!"

डिसेंबरचं ऊन, खाली कापणी झालेली खाचरं, लांबवर पवनेचं पाणी चकाकणारं. नंतर उडालेले दोघे उतरलेसुद्धा. हे आपले वरच. आणखी वर. आणखी...

"उतरायचं कधी?"

मागून नुसती दोऱ्यांची ओढाताण.

"नवसू?"

"मॅडम... येक इचारू? खरं सांगा हां. अठ्ठ्याऐंशी हाय का वजन?"

कानात वारा घोंघावत होता. इतक्या उंचीवर खोटं बोलायला धीर लागतो.

"एकसष्ट."

"काय?" शेजारून जाणारी घार वळून गेली. "अवो बाई! वजन बगून विंग काढतो आमी! हलकं मानूस मोठ्या विंगला बांधलं की पाचोळ्यागत वर जातं. खाली येतच न्हाई!"

"मग आता?"

"आता बगा पवनेचं पानी, दिवस मावळंस्तवर." मग दोऱ्या चाचपत तो पुटपुटला, "खोटं लय लोक बोलत्यात. पर समदे कमी सांगत्यात. जास्त सांगनारी तुमी पयल्याच."

आणि धरती-आकाशाच्या मध्ये लोंबकळत असताना अश्लेषाला हसू फुटलं. भीतीने असेल, कशाने असेल, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती हसली.

नवसूने दोऱ्या ओढून विंगची दोन्ही टोकं दुमडली. मग कुठे ती खाली सरकू लागली. पण उतरायचं मैदान केव्हाच मागे पडलं होतं. उतरले ते कुणाच्या तरी खाचरात, भाताच्या धसकटांवर, चांगले आपटून.

तिने डोळे उघडले. मोठ्या मापाचा तो पट्ट्यांचा साज सरकून काखेपर्यंत आला होता, आणि त्याच्याबरोबर जॅकेट, कुर्ता, सगळंच. पोट उघडं. लख्ख उन्हात. शेजारी गुडघ्यांवर बसलेला नवसू... नेमका तिथेच बघत होता.

अश्लेषा कुर्ता ओढायला गेली. हात हलवायचा, तर तो पट्ट्यात अडकलेला.

"आयशप्पत..." नवसूचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम, वळ उठल्यात! केवढे! पट्ट्यानं कापलं तुमाला. माज्यामुळं!"

त्याने धडपडत बकल सोडवलं. तिने कुर्ता खसकन खाली ओढला. आणि गप्प बसली.

गप्प बसणं किती सोपं होतं! पट्ट्याचे वळ. त्यात लाज कसली? कुणालाही उठतील.

बांधापलीकडे जीप येऊन थांबली. आत कोंडाजीभाऊ, या सगळ्या विंगांचे मालक.

"भाऊंना सांगतो. दवाखान्यात नेऊ," नवसू उठला.

"अहो, नको. काही नाही झालेलं."

"न्हाई कसं? माज्या हातनं मानूस दुखावलं." त्याने कपड्यांवरची माती झटकली. "भाऊंचा नेम हाय. प्याशिंजरला लागलं, तर त्या पायलटनं पुन्यांदा विंगला हात लावायचा न्हाई. ठीकच हाय ते."

आणि चालू लागला. अश्लेषा बघतच राहिली. सबब नाही, 'बाई खोटं बोलली' म्हणून तक्रार नाही. न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यायला हा माणूस आपल्या पायांनी निघाला होता. सात पावलं... आठ... जीपचं दार उघडलंसुद्धा.

"थांबा!"

तो वळला.

"ते वळ नाहीत!" तिचा आवाज चिरकला. "पट्ट्याचे नाहीत ते. माझेच आहेत. जुने! मी जाड होते, मग बारीक झाले. कातडी ताणली की पडतात अशा रेघा!"

हे कोंडाजीभाऊंनी ऐकलं. पेंढ्या बांधणाऱ्या दोन बायकांनी ऐकलं. बांधावरच्या म्हशीनेही ऐकलं असावं, कारण तिने रवंथ थांबवला. अश्लेषा डोळे मिटून वाट बघत राहिली... आता कुणाचा तरी हात तोंडावर जाणार.

"येवढंच?"

तिने डोळे उघडले. नवसू बांधावरच बसला होता, डोकं दोन्ही हातांत धरून.

"एवढंच म्हणजे?"

"मला वाटलं, मी मारलं तुमाला." मग एकदम मान वर करून, "दुकत्यात का?"

"नाही."

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही."

"मंग झालं तर," म्हणत त्याने बाहीने घाम पुसला.

अश्लेषाचं तोंड उघडं ते उघडंच. हे काय, हे कसलं, लोकांना काय सांगशील... सगळं विचारून झालं होतं आजवर. दुखतं का, एवढं मात्र कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःही.

"आरं, मंग जीप कशाला पळवली मी?" कोंडाजीभाऊ करवादले.

"आगं पोरी, उठ आता," पेंढीवाली म्हणाली, "धसकाट टोचंल."

पुढच्या रविवारी अश्लेषा एकटीच स्कूटरवरून आली. अंगात नवा, बेताच्या मापाचा कुर्ता.

"वजन?" नवसूने वही उघडली.

"एकसष्ट."

"नक्की? का आज एकशेवीस?"

"लिहा हो गुपचूप!"

लहान विंग निघाली. बारा मिनिटांत दोघं मैदानात, अगदी पांढऱ्या खुणेवर.

"एवढंच?" या वेळी ती म्हणाली.

"ल्हान विंग लवकर उतरती."

"हं."

मग दोघंही उगाच वेगवेगळ्या डोंगरांकडे बघत राहिले.

त्यानंतरचा एकही रविवार तिने चुकवला नाही. लहानपणी पाहुण्यांच्या विंगा पाठीवरून टेकडीवर वाहता वाहता तो उडायला शिकला, हे तिला कळलं. त्याची आई गंगी वरच्या पाड्यात नाचणी पिकवते, आणि 'ती पोटाचं खरं सांगनारी मास्तरीन' कशी दिसते म्हणून रोज विचारते, हेही कळलं, तेव्हा ती लाजून लाल झाली.

"शाळेत गणितात किती होते तुम्हाला?" तिने विचारलं.

"वाढवून सांगू का?"

पाचव्या रविवारी ती वर पोचली, तेव्हा नवसू गवतावर विंग पसरत होता. भगवी. लांबच लांब. तिने ओळखली.

"नवसू, ही मोठी आहे."

"व्हय."

"पण मी एकसष्टच आहे. वहीत तुम्हीच लिहिलंय."

"म्हाईत हाय."

"मग उतरायचं कसं?"

तो बकलाशी खेळत राहिला. कान लालबुंद.

"तेच तर... अश्लेषा." मॅडम गळून पडलं होतं. "वारा आज मऊ हाय, भ्या न्हाई काय. तुमी म्हनाल तवा उतरवीन. पर... लवकर म्हनू नका. येवढंच."

अश्लेषाच्या छातीत असं काही धडधडू लागलं, की पहिल्या दिवशीची घारीची उंची त्यापुढे काहीच नव्हे. तिने कमरेचा पट्टा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"घट्ट करा."

"वळ उठतील."

"उठू देत. तुम्ही विचारालच ना... दुखतं का म्हणून?"

नवसूने पहिल्यांदाच नजर डोंगरावरून काढून तिच्या डोळ्यांत घातली.

"रोज इचारीन," तो म्हणाला.

दुसऱ्याच पावलाला जमीन गेली.

खाली कोंडाजीभाऊ वही हलवत ओरडत होते, "आरं नवश्या, कवा उतरनार?"

भगवी विंग आपली वरच. आणखी वर. आणखी...