एक, तीन, चार, दोन

इंजिन सुटून वर उचललं गेलं तसं गाडीचं नाक चांगलं वीतभर वर आलं. धोंडूकाकांनी साखळी थांबवली, कपाळ बाहीनं पुसलं आणि म्हणाले, "बघ बाय, गाडयेन श्वास सोडल्यान."

"स्प्रिंगा मोकळ्या झाल्या, काका," नूपुर म्हणाली.

"ताच तां," काका म्हणाले आणि इंजिन हळूहळू लाकडी ठोकळ्यांवर उतरवू लागले.

भारतमाता सिनेमाच्या मागच्या गल्लीतली ही शेड नूपुरच्या बाबांची, चिंतामणींची. एका बाजूला गणपतीचा कारखाना, दुसऱ्या बाजूला बंद पडलेली पिठाची गिरणी. इथं त्यांनी, धोंडूकाकांना हाताशी घेऊन, सगळं आयुष्य शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं जुळवण्यात घालवलं. घाटातल्या शर्यती, विमानाच्या धावपट्टीवरच्या शर्यती, सगळीकडे त्यांच्या हातची इंजिनं पळत. स्वतःची गाडी मात्र एकच, जुनी प्रीमियर पद्मिनी. तिच्या इंजिनात हवा जायच्या वाटा त्यांनी हातानं घासून काचेसारख्या गुळगुळीत केल्या होत्या, दोन कार्बोरेटर बसवले होते, आणि पेडर रोडच्या चढावर परदेशी गाड्यांना मागे टाकून घरी आल्यावर काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं ते चहा मागत.

मागच्या वर्षी ते गेले. गाडीच्या नोंदणीची मुदतही संपत आली होती. भंगारात घालायची, नाहीतर इंजिन काढून विजेची मोटर बसवायची, एवढेच दोन रस्ते उरले. नूपुर भौतिकशास्त्र शिकून विजेच्या वेगवान गाड्यांच्या मोटरीवर काम करत होती, त्यामुळे कुठला रस्ता घ्यायचा याची घरात चर्चा झालीच नाही. ती बाबा असतानाच झाली होती.

"इंजिन म्हणजे काय गं?" ते विचारायचे आणि तिच्या उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगायचे. "हवा ओढायची, दाबायची, पेटवायची, सोडून द्यायची. सगळी अक्कल हवेत. पहिल्यांदा लोकांनी सिलिंडर मोठे केले. मग झडपा वाढवल्या. मग कुणाला तरी सुचलं, धुराबरोबर जो जोर फुकट जातो त्याच्यावरच पंखा फिरवून आणखी हवा कोंबू. झाला टर्बो. मग कॉम्प्युटर आला, पेट्रोलचा थेंब न् थेंब मोजायला लागला. आता पुढं?"

"पुढं बॅटरी."

"म्हणजे मिक्सर."

"बाबा, तुमच्या इंजिनाला जोर धरायला आधी फेऱ्या घ्याव्या लागतात. माझी मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर देते."

"देऊ दे की. तुझी आई झोपेल का त्यात?"

हा त्यांचा हुकमाचा पत्ता. इंजिन नीट जुळलंय की नाही, याची चिंतामणींची एकच परीक्षा होती: बायकोला मागच्या सीटवर बसवायचं आणि एक चक्कर मारायची. कालिंदीबाई गाडीला उघडउघड सवत म्हणायच्या, पण सवतीच्या मांडीवर डोकं ठेवल्यासारख्या झोपायच्या. त्या जाग्या राहिल्या तर समजायचं, कुठंतरी काहीतरी चुकलंय. मग चिंतामणी पुन्हा शेडमध्ये. आणि घराखाली येऊन इंजिन बंद केलं रे केलं, की त्या डोळे उघडून म्हणायच्या, "आलं का घर?" यात कधी फरक पडला नाही.

शेवटच्या आजारपणात ते नूपुरला म्हणाले होते, "घाल तुझी मिक्सरची मोटर. माझी हरकत नाही. पण परीक्षा तीच."

आणि आता कालिंदीबाईंना झोपच येत नव्हती. चिंतामणी गेल्यापासून त्या गिरगावात, मुगभाटातल्या घरात नुसत्या पडून असत, छताकडे बघत. डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या. त्या वाळत चालल्या होत्या. विम्याच्या कचेरीत आयुष्यभर आकडे न चुकवलेली बाई आता दुधाच्या पिशव्या दोनदा मागवत होती. "झोप म्हणजे काय असतं तेच विसरले बघ," असं त्या हसून म्हणायच्या, आणि ते हसू नूपुरला बघवत नसे.

मोटर बसली, बॅटरी डिकीत गेली, परिवहन खात्याचा शिक्का मिळाला. पहिल्या चकरेला नूपुरनं आईला मागे बसवलं.

"आवाज नाही गं हिला," कालिंदीबाई म्हणाल्या. "मेलीची वाचा बसली वाटतं."

"आई, बस नीट."

लालबागचा पूल उतरेपर्यंत त्या दुकानांच्या पाट्या वाचत होत्या. भायखळ्याला नूपुरनं आरशात पाहिलं, तर आईची मान एका बाजूला कलली होती. तोंड थोडं उघडं. नूपुरनं गाडी घराकडे न वळवता चौपाटीवरून पुढे नेली. फिरवत राहिली. डोळे भरून आल्यामुळे तिला समोरची बस पुसट दिसत होती.

थरथर तिला त्याच दिवशी जाणवली. अगदी हलकी, सीटच्या पाठीतून येणारी.

मोटर थोडी थरथरतेच, हे तिला माहीत होतं. पण ती थरथर चाकांच्या वेगाबरोबर बदलते. ही बदलत नव्हती. पुलावर भरधाव असो की हिंदमातेच्या गर्दीत मुंगीच्या पावलांनी, ठोके एकाच निवांत चालीनं पडत. तिनं शाफ्ट तपासला, मोटरखालची रबरं बदलली, नोंदी लॅपटॉपवर घेतल्या. पडद्यावर ठोके स्वच्छ दिसत होते, चारचारच्या गटात, आणि प्रत्येक गटात दुसरा ठोका बाकीच्यांपेक्षा बुटका. उभ्या गाडीत मोजायला काहीच नसतं, म्हणून ते तिनं मोजलं नाही.

एका सकाळी धोंडूकाका शेजारी बसले होते. करी रोडच्या वळणावर त्यांनी सवयीनं कान तिरका केला.

"बाय, तिसरो हलको मारता गो."

"तिसरं काय, काका?"

"सिलिंडर. एक, तीन, चार, दोन असा पेटता मां आपला इंजिन? त्यातलो तिसरो..." ते मध्येच थांबले. पुढच्या झाकणाकडे पाहिलं. त्याच्या आत सिलिंडर नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनीच तर ते इंजिन साखळीनं उचललं होतं.

"माका काय म्हायत," ते पुटपुटले. "सायबांच्या इंजिनात तिसरो कधी हलको नव्हतो."

नूपुरला राग आला तो स्वतःचा. नवीकोरी मोटर आणि तिच्यात न कळणारा दोष! तिनं शिकल्याप्रमाणे केलं. मोटरच्या नियंत्रकात चार ओळी लिहिल्या: ठोका आला की तेवढाच उलटा जोर द्यायचा आणि तो पुसून टाकायचा. पडद्यावरची रेघ सरळ झाली. गाडी लोण्यासारखी चालू लागली. इतकी सुंदर चाललेली मोटर तिनं तिच्या कंपनीतसुद्धा पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळी कालिंदीबाई परळपासून गिरगावापर्यंत टक्क जाग्या होत्या.

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. डोळ्यांखालची काळी वर्तुळं परत आली. आठवड्यानं त्या म्हणाल्या, "राहू दे गं. मला नको नेऊस. उगाच तुझी रजा जाते."

"आई, गाडी आता जास्त चांगली झालीय. आधी दोष होता तिच्यात."

"असेल." कालिंदीबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी एक शेंग मोडून ताटलीत टाकली. मग खाली बघूनच म्हणाल्या, "आधी कुणीतरी पाठीवर थोपटल्यासारखं वाटायचं. तेवढं गेलं बघ."

नूपुरचा हात टेबलावर होता. बोटं आपोआप हलली. तर्जनी, अनामिका, करंगळी, मधलं.

लहानपणी बाबा तिला असंच झोपवायचे. अंगाई त्यांना एकही येत नव्हती. पाठीवर चार बोटांनी इंजिन चालवायचे, ज्या क्रमानं सिलिंडर पेटतात त्याच क्रमानं. एक, तीन, चार, दोन. तिसऱ्या बोटाचं, अनामिकेचं टोक पंख्याच्या पट्ट्यात कधीच तुटून गेलेलं, त्यामुळे तो ठोका नेहमी हलका पडायचा. तिला झोप लागत आली की हात मंदावत जायचा. पण हात थांबला की बाबा उठून जाणार, हे तिला ठाऊक असायचं. म्हणून ती झोपेतूनच म्हणायची, "जागी आहे मी." आणि हात पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

तिनं टेबलावरचा हात काढून घेतला. शेंगांची ताटली उगाचच सरळ केली. त्याच दिवशी शेडमध्ये जाऊन तिनं त्या चार ओळी पुसल्या. का पुसल्या, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. विचारलंच कुणी, तर 'बॅटरी वाचते' असं सांगायचं ठरवून ठेवलं होतं.

दसऱ्याला शेडमध्ये इंजिनाची पूजा व्हायची. हा चिंतामणींचा रिवाज. सकाळी नूपुर आईला घेऊन निघाली. झेंडूच्या माळा कालिंदीबाईंच्या मांडीवर. भायखळ्याच्या अलीकडेच त्यांची मान कलली. गाडी शेडमध्ये येऊन उभी राहिली, तेव्हा त्या गाढ झोपेत होत्या.

धोंडूकाका झाकण उघडून आत बघत होते. "कुंकू खंय लावचा गो हेका? सगळाच बंद डबो."

"थांबा, आधी वीज तोडते. ओलं काही लागायला नको." नूपुरनं बॅटरीचा मुख्य जोड तोडणारी नारिंगी खुंटी उपसून काढली. आता मोटरीला कुठूनही वीज मिळणार नव्हती. गाडी म्हणजे फक्त पत्रा आणि काच.

तिनं मोटरीला हळद-कुंकू लावलं. कोपऱ्यात ठोकळ्यांवर ठेवलेल्या जुन्या इंजिनालाही लावलं. काका नारळ आणायला नाक्यावर गेले.

मग तिच्या लक्षात आलं. गाडी बंद होऊन बराच वेळ झाला होता. आईनं "आलं का घर?" विचारलं नव्हतं.

ती घाईनं मागच्या दाराशी गेली. कालिंदीबाईंचा श्वास संथ चालला होता. चेहरा कितीतरी वर्षं मागे गेल्यासारखा मऊ झाला होता.

उठवावंसं वाटेना, म्हणून ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. खुंटी तिच्या मांडीवर होती. तिनं पाठ टेकवली.

गल्लीत सकाळपासून वाजणारा ढोल थांबला होता. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातही कुणी नव्हतं.

पाठीला काहीतरी लागलं. रेक्झिनच्या आतून, अलगद.

एक.

तीन. हा हलका.

चार. दोन.

तिनं खुंटी मुठीत घट्ट धरली. धातूचे दोन्ही दात तिच्या तळव्यात रुतले. ती पूर्ण बाहेर होती.

मागे आईनं झोपेत एक लांब, समाधानाचा सुस्कारा सोडला. तसा ठोका मंदावला. मग आणखी मंदावला. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं. काम झाल्यावर कुणीतरी बेतानं, पलंग न हलवता, उठायच्या तयारीत असावं तसं.

आईची झोप मोडू नये इतक्या हळू नूपुर म्हणाली,

"जागी आहे मी."

क्षणभर काहीच झालं नाही.

मग पहिल्यापासून सुरू झालं.