वाळूतली वीट

"किती झाले?" मागून कोणीतरी विचारलं आणि माझी मोजणी चुकली.

सेलूजवळ, बोर नदीच्या काठावर आम्ही माती तपासत होतो. वजन नळीवर आदळत होतं. जितके ठोके जास्त, तितकी जमीन घट्ट. मी चिडून वळले... आणि चिडायचंच विसरले. कपाळावर आलेले केस मागे सारत एक तरुण उभा होता.

"तुमच्यामुळे आकडा गेला माझा."

"सहा झाले, मॅडम," मशीनवरचे चिंधूभाऊ म्हणाले. "म्या मोजले."

फक्त सहा. म्हणजे सैल वाळू, तीही पाण्याने भरलेली.

तो सुश्रुत. त्याच्या वडिलांनी, केशव सरांनी, निवृत्तीनंतर हा प्लॉट मुलींच्या वसतिगृहासाठी दिला होता. इमारतीचं डिझाइन सुश्रुतचं. स्वतःच्या गावातलं पहिलंच काम. भूमिपूजन आठ दिवसांवर आलेलं.

"तुमचा साधा पाया इथे चालणार नाही; भूकंप झाला तर ही वाळू दगा देईल," मी म्हटलं.

"पहिल्याच भेटीत नकार?"

"पायाला."

"मग बाकीच्याले होकार समजू?"

मी वहीत डोकं खुपसलं. कान मात्र गरम झाले होते.

"पण आपल्याकडे कुठे येते एवढा भूकंप?" त्याने विचारलं.

मी घमेल्यात ओली वाळू भरली, वर वीट उभी केली आणि घमेल्याला बाहेरून भराभर थापट्या मारल्या. वाळूतून पाणी वर आलं. वीट कलली, हळूहळू आत गेली.

"हादऱ्याने वाळू अशी पातळ होते. द्रवीकरण म्हणतात याला. कदाचित कधीच होणार नाही. पण वर ऐंशी मुली झोपलेल्या असतील."

तो वीट काढायला वाकला, मीही वाकले. बोटांना बोटं लागली — दोघांनीही लगेच काढली नाहीत.

मग तो हळूच म्हणाला, "रिपोर्ट जरा सौम्य लिहिता नाई येणार? बाबांनी पत्रिका वाटल्या."

"नाही."

तो निघून गेला. मी होतं तसंच लिहून पाठवलं. पुढचे चार दिवस फोन वाजला की आधी नाव बघायचे, आणि स्वतःवरच रागवायचे.

पाचव्या दिवशी तो वर्ध्याच्या आमच्या ऑफिसात आला, हातात नकाशाची गुंडाळी. सगळा पाया नव्याने काढला होता. वाळू ओलांडून खालच्या कठीण मुरमात रोवलेले काँक्रीटचे खांब.

"भूमिपूजन पुढे ढकललं," तो म्हणाला. "बाबांना घमेल्यात वीट बुडवून दाखवली. त्यांनी स्वतःही थापट्या मारून पाहिल्या. मग म्हणाले, त्या पोरीचं ऐक."

"फोन काऊन नाही केला?"

"त्या दिवशी तुमच्याकडे जे मागितलं, त्याची लाज वाटून राह्यली होती. काम पुरं केल्याशिवाय तोंड कसं दाखवू?"

मी नकाशा पाहिला. दोनदा पाहिला. चूक सापडली नाही; डोळे मात्र उगाच भरून आले.

"स्वरदा... मला तुम्ही आवडता. उत्तराची घाई नाई. खांब व्हायलाच तीन महिने लागतात."

"एवढं थांबवत नाही मला," मी म्हटलं. "रविवारी घरी ये. आईबाबांना भेट."

तो खुर्चीत बसला. लगेच पुन्हा उभा राहिला.

"किती वाजता येऊ?"