ओंडका तोच, लोडर तोच

नवनाथची कॉलर माऊलीच्या मुठीत आली, तेव्हा सारिका गव्हाणेनं गाडीचं दारही नीट उघडलं नव्हतं.

"माझ्या भाच्याला प्यालेला म्हणतो व्हय रं? म्हण की आता तोंडावर!"

"मी कुठं म्हणालो? सगळेच म्हणतात!" नवनाथ चवड्यांवर उभा राहून म्हणाला. तो छोट्या लोडरचा सेल्समन होता.

"मामा, कॉलर सोडा," सारिका म्हणाली. "राग जपून ठेवा, पुढं लागेल."

सारिका शिरूरची खासगी तपासनीस आणि माऊली तिचा ड्रायव्हर. एरवी तो कामात तिच्या चार पावलं मागे असायचा. आज दौंडच्या या आवारात मात्र तो तिच्या आधी घुसला होता. त्याचा भाचा गोकुळ पायाचा चेंदामेंदा होऊन दवाखान्यात पडला होता, आणि सगळा दोष त्याच्याच माथी होता.

आवार अनिता शितोळेचं. कुरकुंभच्या कारखान्यांची आणि आसपासच्या बंगल्यांची धोकादायक झाडं उतरवायची, फांद्या छाटायच्या, हा तिचा धंदा. ओंडके उचलायला लोडर घ्यायचा म्हणून तिनं दोन मशीन ट्रायलला मागवली होती, एक छोटं, एक मोठं. गेल्या आठवड्यात संध्याकाळी तिच्याकडे कामाला असलेल्या गोकुळनं छोट्यावर कडुनिंबाचा ओंडका उचलून सगळ्या आवारात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ओंडका उचलला, वळला, आणि लोडर आडवा झाला. गोकुळनं उडी मारली. ओंडका पायावर आला.

"आज संध्याकाळी पोलिसांत जबाब द्यायचाय," अनिता म्हणाली. तिचे डोळे जागरणानं लाल होते. "गोकुळनं निष्काळजीपणा केला, असंच सांगणार. दुसरं काय सांगू? ओंडका तोच, लोडर तोच. बदललं काय, तर चालवणाऱ्याचं डोकं!"

"वहिनी, माझा पोरगा—" माऊली पुढे सरकला.

"मामा, तो मलाही पोरासारखाच होता! म्हणून तर जास्त संताप येतोय."

सारिका छोट्या लोडरजवळ गेली. आता तो उभा करून ठेवला होता. सर्वांगावर धुळीचा जाड थर. माऊली मागच्या चाकाला टेकला आणि ओरडत बाजूला झाला.

"तवा झालाय नुसता!"

"अकराचं ऊन आहे," सारिका म्हणाली. पण तिची नजर पलीकडे वळली. तिथं त्याच उन्हात उसाच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला पाठ लावून एक कुत्रं झोपलं होतं.

मग ती भिंतीकडे गेली. "ट्रायलच्या रात्री छोटा लोडर इथंच होता?"

"व्हय, तिथंच," फांद्या गोळा करणाऱ्या बायकांची मुकादम बानूबाई म्हणाली.

सगळं आवार भाजून निघालं होतं. फक्त त्या जागी हरळी हिरवी झाली होती. दोन ठिगळं, एक डाव्या अंगाला, दुसरं उजव्या अंगाला आणि हातभर पुढे.

"बानूबाई, मशीन आलं तर तुमचं काम जाईल. राग नाही आला?"

"आला की! त्या मशीनचा न्हाई, ह्या सायबाचा." तिनं नवनाथकडे हनुवटी उडवली. "आल्या आल्या आमच्या पिण्याच्या टाकीला पाइप लावला. गाडी धुतली आसंल. बायका दिवसभर तहानलेल्या. आन् मशीन मला चालवाया येत न्हाई, म्हंजी तुमचा संशय फुकट."

"मी माझी तयारी करत होतो," नवनाथ पुटपुटला. "आणि ट्रायलच्या दिवशी अंधार पडायच्या आत घरी गेलो होतो. चावी अनितावहिनींच्या हातात दिली."

"घरात खिळ्याला टांगली," अनिता म्हणाली.

तेवढ्यात घरातून मान वाकवून एक माणूस बाहेर आला. चौकट त्याला पुरत नव्हती. अनिताचा दीर, मच्छिंद्र.

"कोण ही? आन् कशाला उकरून काढताय? मी म्हणलंच होतं, ते खेळणं हाय. मी तर त्याच्यावर बसलोबी न्हाई कधी. मोठा लोडर घ्या, वहिनी."

"बंगल्यांची फाटकं केवढी असतात?" सारिकानं विचारलं.

"मोठा जात नाही आत. मला छोटाच घ्यायचा होता," अनिता म्हणाली. "भाऊजी म्हणतात, भिंत पाडू, परत बांधून देऊ."

"मोठ्याला ओंडका धरायचा पंजा मागवलाय?"

"पंजा नंतर बघू," मच्छिंद्र म्हणाला. "आधी बकेट."

माऊलीला यात काहीच दिसेना. तो धुसफुसत उभा राहिला. सारिकानं त्याच्या फोनवरून गोकुळला विचारलं, "त्या सकाळी मशीनवर बसलास तेव्हा काही वेगळं वाटलं?"

"न्हाई ताई. सीट लई मागं गेलती, पाय पुरंनात. पुढं वढली. बाकी काय न्हाई. माझंच चुकलं आसंल. माफ करा म्हणावं."

माऊलीनं फोन ओढून घेतला आणि खिशात कोंबला.

सारिकानं सगळ्यांना लोडरभोवती बोलावलं.

"नवनाथ, टाकीचं पाणी कुठं गेलं? गाडी तर धुतलेली दिसत नाही."

"मागच्या टायरांत भरलं. पुढं ओझं आलं की मागं वजन लागतं. ऊसवाले ट्रॅक्टरला भरतात तसंच."

"मग मशीन हळूहळू पुढं घ्या. मागच्या चाकाचा हवेचा व्हॉल्व अगदी तळाला येऊ द्या, पाणी असलं तर तिथूनच सगळं निघतं."

एका चाकाचा व्हॉल्व खाली आला, तेव्हा दुसऱ्याचा बाजूलाच राहिला. सारिकानं खालच्याची पिन दाबली. सूंऽ करून नुसती हवा आली. नवनाथनं मशीन हातभर पुढे घेतलं. दुसऱ्यातूनही हवाच.

"अरे! पाणी कुठं गेलं?" नवनाथ ओरडला.

"हरळीला. आतल्या पाण्यानं टायर लवकर तापत नाही. म्हणून कुत्रं ट्रॅक्टरला टेकून झोपलंय आणि मामांना इथं चटका बसला. रात्री कुणीतरी पाणी सोडलं आणि हवा भरून ठेवली. टायर दिसायला टणक, मागचं वजन मात्र गेलेलं. ओंडका तोच होता, लोडर तो नव्हता."

"ह्या नवनाथनंच केलं आसंल!" मच्छिंद्र म्हणाला.

"स्वतःचंच मशीन उलटवायला? ठिगळं पुढंमागं आहेत, म्हणजे एक चाक रिकामं करून मशीन हातभर पुढं घेतलं. त्याला चावी लागते आणि चालवता यावं लागतं. बानूबाईंकडे दोन्ही नाही. चावी घरात होती. गोकुळ स्वतःखालचं मशीन उलटवणार नाही, आणि अनितावहिनींना तर तेच घ्यायचं होतं. शिवाय सीट मागं सरकवलेली. वहिनी गोकुळपेक्षा उंच नाहीत. चौकटीत मान वाकवणारा या घरात एकच आहे."

मच्छिंद्र हसला. "मला काय मिळणार त्यातनं?"

"बकेट, म्हणजे उपसायचं खोरं. झाडांच्या धंद्यात पंज्याआधी बकेट कोण मागतं? नदी इथून किती लांब आहे?"

अनिताचा चेहरा पांढरा पडला, मग तांबडा. "वाळू! माझ्या नावावरच्या मशीननं रात्री वाळू उपसायची होती तुम्हाला?"

"वहिनी, पाय मोडंल आसं कुणाला वाटलं हुतं? नुसतं कलंडंल म्हणलं. घरातली गोष्ट घरात मिटवू."

"गोकुळ कुणाच्या घरातला? इतके दिवस माझ्या ताटात जेवून तुम्ही त्याला दारुडा म्हणत होता!" अनितानं फोन काढला. "जबाब संध्याकाळी कशाला? साहेबांना आत्ताच इथं बोलावते."

मच्छिंद्र फाटकाकडे वळला. माऊली तिथं आडवा उभा होता. त्यानं हात उगारला नाही. नुसता जागचा हलला नाही.

पोलीस येईपर्यंत त्यानं गोकुळला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडून एकदम मच्छिंद्रच्या नावानं अशी शिवी आली की माऊलीला फोन कानापासून लांब धरावा लागला. मागोमाग दुसरी, तिसरी. कुणी नर्स गोकुळला दटावत होती, तो तिलाही जुमानत नव्हता.

इतके दिवस ते पोर नुसती माफी मागत होतं.

"दे," माऊली म्हणाला, "अजून दे. ऐकतोय मी."