डावीकडची वाहिनी

मध्ये बोलायचं नाही, तरच सांगतो. डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारची रात्र. आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, विसरलेला चष्मा आणायला कॉलेजात निघाले. चष्मा नाकावरच होता. पण टोकणार कोण? ताई जाऊन महिना झाला होता.

दाजी डॉक्टरांना शरीररचना शिकवायचे. मागे ताईच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी फुटायला आली. तपासण्यांना वेळ नव्हता. सर्जन दाजींचाच विद्यार्थी. ऑपरेशनच्या टेबलावरून त्याने फोन लावून विचारलं, "सर, कुठली फांदी वाचवू?"

आता नीट ऐका. पाठीच्या कण्यात करंगळीएवढा मज्जारज्जू असतो. वरून येणारं रक्त त्याच्या तळापर्यंत पुरत नाही. खालच्या भागाला त्या छातीतल्या वाहिनीची एकच मोठी फांदी पोसते आणि ती बहुतेकांत डावीकडून येते.

दाजी म्हणाले, "डावीकडची सांभाळ."

ताई वाचली, पाय गेले. पायांना गार-गरमही कळेना. रोज रात्री म्हणायची, "अहो, पाय गार पडलेत का बघा हो." मग दाजी तळव्यांखाली चादर खोचायचे. फोनचं मात्र कधी बोलले नाहीत. आतल्या आत झुरायचे. ताईला सगळं कळत होतं बरं का. दाजींच्याच कॉलेजला देहदान करून गेली. म्हणाली, "बघा एकदाचं, म्हणजे तुमचा जीव थाऱ्यावर येईल."

त्या रात्री देह कापून शिकतात त्या हॉलमध्ये दाजींनी आतून कडी घातली. ताईच्या पायांवरची चादर सारखी केली. कण्याची डावी बाजू उघडली. नुसते धाग्यासारखे बारीक फाटे. मोठी फांदी नाही...

मग उजवी.

तिथे होती. मुळाशी सर्जनच्या टाक्याची गाठ, बांधून बंद केलेली.

"माझ्यामुळे गं..."

एवढंच. टेबलावर डोकं टेकून रडले. रडता रडता डोळा लागला.

पहाटे जाग आली. थंडी मरणाची. हात बधिर. पण पाय...

पाय उबदार होते.

ताईची चादर त्यांच्या पायांवर होती. तळव्यांखाली दोन्हीकडून खोचलेली.

दार उघडेना म्हणून शिपायाने मला बोलावलं. आतली कडी आम्ही दोघांनी तोडली, म्हणून छातीठोक सांगतो, आत दुसरं कोणी गेलं नव्हतं. दाजी स्टुलावर तसेच बसलेले. मी म्हणालो, "दाजी, उठा, घरी चला."

ते हलेनात. हळूच म्हणाले, "उठलो तर निघेल रे ती."